शिरपूरच्या चुलीवरची तोर्तिया

शिरपूर तालुक्यातल्या ज्या घराच्या माडीवर मी दोन वर्षांपासून भाड्याने राहते, त्या घराने मला भाडेकरू म्हणून फार दिवस राहूच दिले नाही. पहिल्याच महिन्यात माझ्याकडचा सिलिंडर संपल्याचे कळताच काकूंनी कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असे ताट नातीच्या हाती वर पाठवले, आणि तेव्हापासून एकटीसाठी काय शिजवावे हा माझा प्रश्न जवळजवळ त्यांनीच आपल्याकडे घेतला. घरात जिभाऊ आणि काकू, त्यांचा मुलगा आणि वहिनी, सातवीत शिकणारी नात आणि जिभाऊंच्या ऐंशी ओलांडलेल्या आई, ज्यांना सारी गल्ली आजी म्हणते. या घरात मी खापरावरचे मांडे खाल्ले, वरण-बट्टी खाल्ली, शेवभाजीच्या रश्शात भाकरी कुस्करून खाल्ली. मार्गशीर्षातल्या एका रविवारी मात्र मी काकूंकडे एका दिवसापुरते स्वयंपाकघर मागितले, कारण मला या माणसांना माझ्या दुसऱ्या एका घरचे जेवण वाढायचे होते.

ते दुसरे घर मेक्सिकोमधल्या टेस्कोको या गावी आहे. मी मक्याच्या वाणांवर काम करते. मेक्सिको शहराच्या पूर्वेला असलेल्या टेस्कोकोजवळ १९६६ साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्र आहे, आणि तिथल्या कामानिमित्त मी सहा महिने एका कुटुंबात राहिले होते. त्या घरच्या बाईंना मी सेन्योरा म्हणत असे. मांस खात नाही असे मी पहिल्या दिवशी सांगितले तेव्हा त्यांनी कपाळाला आठी घातली नाही. त्या म्हणाल्या, डुक्कर, गाय आणि गहू आमच्याकडे स्पॅनिश लोकांबरोबर आले, त्याआधीच्या माणसांनीही जेवण केलेच होते. तेनोच्तित्लान हे अॅझ्टेकांचे मुख्य शहर १५२१ साली पडले, आणि चरबीत परतलेल्या घेवड्यापासून दुधाच्या चीजपर्यंत बरेच काही त्यानंतरचे आहे. आदले जेवण म्हणजे मका, घेवडा, भोपळा, मिरची आणि टोमॅटो. सेन्योरांनी मला तेच जेवण शिकवले, आणि जिभाऊ माळकरी असल्यामुळे शिरपूरलाही मला तेच उपयोगी पडले.

सेन्योरांच्या घरातल्या जेवणाचा सारा भार एका कृतीवर होता, आणि तिच्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. तिकडे मका कोरडा दळून त्याच्या पिठाची तोर्तिया, म्हणजे तिकडची मक्याची पातळ भाकरी, करत नाहीत. आधी मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि ओलेच वाटतात. या शिजवलेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात. नावात राख आणि कणीक या अर्थाचे, अॅझ्टेकांच्या नावाट्ल भाषेतले दोन शब्द आहेत, कारण काही ठिकाणी चुन्याऐवजी लाकडाची राख वापरत. वाटलेल्या गोळ्याला म्हणतात मासा. टेस्कोकोच्या बाजारात मासाचे गोळे किलोवर मिळतात आणि सकाळी सात वाजता गिरणीसमोर बादल्या घेतलेल्या बायकांची रांग असते. गिरणी ओल्या मक्याची असल्यामुळे तिच्या आसपास नुकत्याच पांढरी दिलेल्या भिंतीसारखा वास दरवळतो. मला त्या वासाने पहिल्या दिवशी दिवाळीआधीचे आमचे घर आठवले होते.

खानदेशात मका काही कमी नाही. जिभाऊंच्या स्वतःच्या शेतात तीन एकर मका असतो. तो खळ्यावरून बाजार समितीत जातो आणि तिथून कोंबड्यांच्या खाद्याला किंवा स्टार्चच्या कारखान्याला जातो. पावसाळ्यात भाजलेली कणसे सोडली तर त्यातला दाणाही घरात शिजत नाही. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल वस्त्यांमध्ये मक्याची भाकरी रोजची आहे, पण सपाटीवरच्या या घरात ती कधी दिसली नव्हती. कारण मला शनिवारी रात्री कळले. मी धडगावकडून आणवलेला दोन किलो पांढरा मका निवडत बसले होते, तेव्हा आजी जवळ येऊन बसल्या आणि दाणे तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती दुष्काळनी भाकर शे, माय."

१९७२ च्या दुष्काळात आजींनी रेशनवरची तांबडी मिलो खाल्ली होती आणि माहेरहून आलेल्या मक्याच्या भाकरीवरही दिवस काढले होते. माहेर सातपुड्याच्या पायथ्याचे. तिकडची भाकरी उकळत्या पाण्यात पीठ मळून करावी लागे, तरीही ती काठावर चिरत असे आणि थंड झाली की घशाखाली उतरत नसे. त्या भाकरीसाठी लेकरे रडत आणि ती हातात दिली तरीही रडत. पाऊस आला, ज्वारी पिकली, आणि मग आजींनी या घरात मक्याची भाकरी पुन्हा थापली नाही. जिभाऊ हे ऐकत उभे होते, आणि आपण लहानपणी मक्याला हात का लावला नाही हे त्यांनाही त्या रात्रीच उमगले असावे, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

मी क्षणभर बेत बदलावा की काय या विचारात पडले. पण आजींनीच विचारले की आता पुढे काय करायचे. मी पानाच्या टपरीवरून आणलेली खायच्या चुन्याची डबी पुढे केली तेव्हा त्या दचकल्या. "मक्कामा चुना?" काकूंनी त्यांना कोहळ्याच्या पेठ्याची आठवण करून दिली; त्याच्याही फोडी आधी चुन्याच्या निवळीत ठेवतात. आजींचे तेवढ्याने समाधान झाले नाही, पण त्या चुलीजवळून हलल्याही नाहीत. प्रमाण सांगायचे तर कोरड्या चुन्याच्या हिशेबाने एक किलो मक्याला दहा ग्रॅम चुना आणि साधारण तीन लिटर पाणी लागते. वहिनींनी ॲल्युमिनियमचे मोठे पातेले काढले होते. ते मी परत ठेवायला लावले, कारण चुना ॲल्युमिनियमला खातो. स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळले, चुना विरघळवला, मका सोडला, आणि पाचेक मिनिटांत पांढरे दाणे हळदीच्या हाताने चोळल्यासारखे पिवळे झाले. नात ओरडली की यात कुणी हळद टाकली. पाऊण तास मंद आचेवर ठेवून मी एक दाणा बोटांत चोळून दाखवला, तेव्हा त्याची साल ओल्या कागदासारखी सुटून आली. मग पातेले झाकून ठेवले.

सकाळी दाणे धुतले. टरफले आणि चुन्याचे पिवळट पाणी बाहेर टाकून दिले, ज्याला तिकडे नेहायोते असे स्वतंत्र नाव आहे. पुढची पायरी मी चुकवली. मी माझे मिक्सर खाली आणले होते, आणि पाते फिरावे म्हणून मी पाणी घालत गेले. गोळा सैल झाला आणि तरीही रवाळ राहिला. पहिल्या तीन तोर्तिया तव्याला चिकटल्या, चौथी उचलतानाच फाटली. आजींनी गोळ्यात बोट घातले, ते अंगठ्यावर घासले, आणि काही न बोलता वहिनींना मागच्या पडवीतून पाटा-वरवंटा आणायला सांगितले. तो पाटा वर्षातून एकदोनदाच बाहेर निघतो. उरलेला मका पाण्याशिवाय दोनदा वाटला, तोही आळीपाळीने: आधी वहिनी, मग मी, आणि मग आजींनी आम्हा दोघींना बाजूला करून शेवटचा घास स्वतः वाटला. टेस्कोकोच्या सेन्योरांकडे मेताते नावाचा तीन पायांचा उतरता दगड होता, ज्याच्यामागे गुडघे टेकून दोन्ही हातांनी लांबट वरवंटा पुढे ढकलावा लागे. आजी पाट्यावर झुकल्या तेव्हा त्यांचे खांदे अगदी त्याच तालात पुढे-मागे होत होते.

वाटलेला गोळा त्यांनी काठवटीत घेतला आणि तळहाताच्या टाचेने दाबला. मग थांबल्या. पुन्हा दाबला. आमच्याकडे ज्वारीचे पीठ जुने झाले की विरी गेली म्हणतात. भाकरी थापताना ती काठाशी तुटत जाते. मक्याच्या पिठाला मुळातच विरी नसते, आणि म्हणूनच आजींच्या माहेरी ते उकळत्या पाण्यात मळावे लागे. चुन्यात शिजल्यामुळे दाण्याच्या सालीतला चिकट अंश सुटतो, पिष्ट थोडे फुलते आणि गोळा एकजीव होतो. हे मी पुस्तकी भाषेत सांगू शकते. आजींनी ते बोटाने ओळखले. "हाई पीठ ते चिकट शे!" असे त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तो गोळा गरम पाण्याचा थेंबही न लावता दोन्ही तळव्यांत थापायला घेतला. काठ चिरला नाही.

चुन्याचे हे ज्ञान मक्याबरोबर समुद्र ओलांडून आले नाही, ही गोष्ट मला कामाच्या निमित्ताने वर्षानुवर्षे माहीत आहे, पण त्या दिवशी ती मला लागली. नैऋत्य मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसांनी तिओसिंते नावाच्या रानगवतापासून मका घडवला. स्पॅनिश जहाजांनी बी नेले, पण ते बी शिजवणाऱ्या बायकांना कुणी काही विचारले नाही. युरोपात गरिबांनी नुसत्या मक्यावर दिवस काढले तिथे कातडी सोलवटणारा आणि बुद्धी भ्रमवणारा पेलाग्रा हा रोग पसरला. गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने १७३५ साली त्याचे वर्णन केले, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही त्याने असंख्य माणसे नेली. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहजी मिळत नाही. चुन्यात शिजवले की ते मोकळे होते, शिवाय कॅल्शियमची भर पडते. मेक्सिकोतल्या ज्या बायका पिढ्यानपिढ्या निश्तामाल करत आल्या, त्यांच्या घरांत मका मुख्य अन्न असूनही हा रोग पसरला नाही. दुष्काळात आजींच्या हातात मका पडला तेव्हा त्याच्यासोबत चिमूटभर चुना आणि चार वाक्ये पोचली असती, तर ती भाकरी निदान लेकरांच्या घशाखाली उतरली असती. चुना तर पानाच्या डब्यात घरोघर होता.

बाकीचा स्वयंपाक त्या मानाने सहज झाला. राजमा शनिवारीच भिजवला होता. तो कांदा, लसूण आणि मीठ एवढ्यावर मातीच्या मडक्यात दोन-अडीच तास शिजवला. काकूंना त्याला फोडणी नाही हे सहन होत नव्हते, आणि मी त्यांना दोन वेळा थांबवले. हिरव्या चटणीसाठी तिकडे तोमातियो नावाचे आंबट फळ लागते. ते इथे मिळत नाही, म्हणून मी कच्चे टोमॅटो, हिरव्या मिरच्या, कांदा आणि लसूण निखाऱ्यावर काळे होईतो भाजले आणि कोथिंबीर घालून पाट्यावर भरड वाटले. भाजण्याच्या वासाने शेजारची वहिनी डोकावली आणि भरीत चालले आहे का म्हणून विचारून गेली. डांगर किसून गुळात शिजवले, त्याचे सारण लोण्यात फेटलेल्या मासामध्ये भरले आणि जिभाऊंनी बागेतून कापून आणलेल्या केळीच्या पानांत बांधून तमाल वाफवले. टेस्कोकोत तमाल मक्याच्या कणसाच्या सालपटांत बांधतात, पण ओआहाकासारख्या दक्षिणेकडच्या प्रांतांत केळीचे पानच लागते. मासा पुरेसा फेटला गेला की नाही हे पाहायला त्याची लहान गोळी पाण्यात टाकतात, आणि ती तरंगली तर झाले. हे काम नातीने आपल्याकडे घेतले आणि सातव्या गोळीला ती टाळ्या वाजवत अंगणात धावली. प्यायला लाल अंबाडीच्या बोंडांचे गार पाणी होते, साखर घातलेले. तिकडे त्याला हामाइका म्हणतात आणि जेवणाच्या प्रत्येक टपरीवर ते काचेच्या मोठ्या बरणीत भरून ठेवलेले असते. काकूंनी मात्र पाहुणीने रांधावे आणि आपण नुसते बसावे हे शेवटपर्यंत मान्य केले नाही. ताटात भरीत आणि आंब्याचे लोणचे आलेच.

रात्री आठ वाजता मी सेन्योरांना व्हिडिओ कॉल लावला. टेस्कोको आपल्या साडेअकरा तास मागे असल्यामुळे त्यांची सकाळ होती, आणि त्यांच्याही तव्यावर तोर्तिया होत्या. तोर्तिया फुगली की तिकडे थट्टेने म्हणतात, आता तुझे लग्न करायला हरकत नाही. मी फोन चुलीसमोर धरला. आजींनी तोर्तिया तव्यावर टाकली, कडा सुटताच उलटली, पुन्हा उलटली आणि बोटांच्या टोकांनी मध्यभागी हलके दाबले. ती टम्म फुगली. सेन्योरा पलीकडून ओरडल्या की आता या मुलीचे लग्न लावून द्या. मी ते आजींना सांगितले. त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की तव्यावरची तोर्तिया वहिनींना काढावी लागली.

मग सेन्योरांनी बारकाईने पाहून सांगितले की छान आहे, पण जाड आहे, आमच्याकडे याहून पातळ करतात. आजींनी ते मनावर घेतले नाही. "तिले सांग, मना हात भाकरना शे," त्या म्हणाल्या. मी सांगितले. सेन्योरांनी आपला हात कॅमेऱ्यासमोर धरला, तळवा पुढे करून, आणि आजींनीही आपला धरला. दोघींच्या बोटांच्या टोकांना तव्याने आलेला तोच टणकपणा होता. बराच वेळ कुणी काही बोलले नाही, आणि मलाही भाषांतर करावेसे वाटले नाही.

जेवायला ओळीने बसल्यावर जिभाऊंनी विठ्ठलाचे नाव घेतले. मी सर्वांना सांगितले की तिकडे जेवणाऱ्या अनोळखी माणसाजवळून जातानाही 'प्रोवेचो' म्हणतात, म्हणजे अन्न अंगी लागो. नातीने तो शब्द प्रत्येकाच्या ताटासमोर जाऊन म्हटला. राजम्याला फोडणी नसल्याची काकूंची रुखरुख पहिल्या घासानंतर गेली, कारण हिरवी चटणी त्यात मिसळली की वेगळ्या तिखटाची गरजच उरत नाही. आजींनी पहिल्यांदा तोर्तिया नुसतीच खाल्ली, मीठसुद्धा न लावता. मग दुसरी घेतली. दुष्काळाविषयी त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत, मीही विचारले नाही.

जेवण झाल्यावर तिकडे कुणी लगेच उठत नाही. रिकाम्या ताटांभोवती बसून गप्पा मारण्याला सोब्रेमेसा असा खास शब्द आहे. आम्ही ओट्यावर घोंगडी टाकून तेच केले. जिभाऊंना प्रश्न पडला की यातले आपले काय आणि त्यांचे काय. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर या दिवसांत लाल गालिच्यासारखी पसरलेली मिरची तिकडची, शहाद्याची पपई तिकडची, डांगर, टोमॅटो आणि राजमा तिकडचा, चिकूचे तर नावदेखील तिकडच्याच नावावरून आलेले. यादी वाढत गेली तसे ते जरा खट्टू झाले, आणि मग आधी तिखट कशाने करत होते असे त्यांनी विचारले. मी म्हटले, मिऱ्याने, पिंपळीने, आल्याने. त्यानंतर त्यांना केळीची गोष्ट सांगितली. केळी मूळची आपल्या बाजूची, आशियातली. १५१६ साली एका स्पॅनिश धर्मगुरूने कॅनरी बेटांवरून तिचे कंद कॅरिबियन बेटांवर नेल्याची नोंद आहे, आणि तिथून ती त्या मुलखात पसरली. म्हणजे ओआहाकाच्या तमालाला लागणारे पान पूर्वेकडून गेलेले आहे. आयुष्यभर केळी लावलेल्या जिभाऊंनी हे दोनदा विचारून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या डेअरीवर सर्वांना सांगितले.

सकाळी मी खाली आले तेव्हा काकू चुलीशी होत्या. रात्रीच्या उरलेल्या तोर्तियांचे त्यांनी हाताने तुकडे केले होते, शेंगदाण्याच्या तेलात कुरकुरीत परतले होते, आणि वाटीत राहिलेली हिरवी चटणी त्यावर ओतून झाकण ठेवले होते, शिळ्या भाकरीचे करतात तसेच. मला पाहून त्या थोड्या ओशाळल्या. "ताई, वाया जायला नको म्हणून केलं. तिकडे असं चालतं का?" मी त्यांना सांगितले की तिकडे हा रोजचा नाश्ता आहे आणि त्याला चिलाकिलेस म्हणतात. आजींनी बाजेवरून बशी पुढे केली.